पेरियारच्या काठावरील पायी वन्यजीवदर्शन
केरळमधील तेक्कडीचा पेरियार जलाशय १८९५ साली पूर्ण झालेल्या मुल्लपेरियार धरणामुळे निर्माण झाला असून, तेव्हा बुडालेल्या झाडांचे वठलेले बुंधे आजही पाण्याबाहेर डोकावतात आणि त्यांवर पाणकावळे पंख पसरून वाळवत बसलेले दिसतात. भोवतालच्या व्याघ्र प्रकल्पात पर्यटकांना मार्गदर्शकासोबत पायी फिरता येते. मात्र या भ्रमंतीत प्रत्यक्ष प्राण्यापेक्षा त्याच्या खुणाच अधिक आढळतात. हत्तीच्या लिदीतील न पचलेले गवताचे तंतू, झाडाच्या सालीवरील अस्वलाचे ओरखडे किंवा चिखलात उमटलेले गव्याचे खूर यांवरून कोणता प्राणी येथून गेला, हे जाणकाराला सांगता येते. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेला शेकरू, म्हणजे झुपकेदार शेपटीची मोठी खार, येथेही उंच फांद्यांवर वावरतो आणि धोका जाणवताच कर्कश आवाज काढतो; असा इशारा ऐकू आल्यास जागीच थांबून कानोसा घेणे इष्ट ठरते. पावसाळ्यात जळवांचा उपद्रव वाढतो. त्यांच्या लाळेतील हिरुडिनसारखे द्रव्य रक्त गोठू देत नसल्याने जखम बराच वेळ वाहत राहते, म्हणून गुडघ्यापर्यंतचे जाड कापडी मोजे घालावेत.