एक बर्थ, हजार बोटं

गणपतीला 60 दिवस उरले की सकाळी आठच्या सुमारास डोंबिवली-विरारकडच्या कित्येक घरांत चहा गार होतो. प्रवाशांची नावं, वयं आधीच भरून ठेवलेली असतात, एकाचा अंगठा बटणावर असतो आणि बाकीचे त्याच्या खांद्यावरून मोबाइलमध्ये डोकावत असतात. आठ वाजतात, रेल्वेचं आरक्षण उघडतं. कणकवलीच्या चार जागा हव्या असतात, पैसे भरेपर्यंत प्रतीक्षा यादी लागते. ‘आत्ता तर जागा दिसत होत्या!’ असं कुणीतरी म्हणतंच.

दिसत होत्या, हे खरंच. पण मोबाइलवर दिसतो तो काही क्षणांपूर्वीचा आकडा. खरी जागा एका वहीत असते.

संगणकाआधी ती अक्षरशः वहीच होती. गाडी, तारीख, डबा असे रकाने आखलेले. एक कारकून लिहीत असेल तर दुसऱ्यानं थांबायचं. एकच बर्थ दोघांना जाऊ नये म्हणून याहून साधी युक्ती नाही. 1980च्या दशकाच्या मध्यावर दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झालं, 3 ऑगस्ट 2002 रोजी तिकीट इंटरनेटवर मिळू लागलं (तेव्हा ते कुरिअरनं घरी येई) आणि पुढे ते खिशातल्या फोनवर आलं. थांबायचा नियम मात्र तोच राहिला. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद या पाच केंद्रांच्या डेटाबेसमध्ये गाड्यांच्या नोंदी वाटलेल्या आहेत. तुमची नोंद लिहिली जात असताना डेटाबेस तेवढ्यापुरतं कुलूप लावतो. मागचे हजारोजण सेकंदाच्या काही अंशापुरते रांगेत उभे राहतात. 22 मे 2025 रोजी एका मिनिटात 31,814 तिकिटं निघाली. खिडकीवरची रांग दिसायची, ही दिसत नाही, एवढंच.

खरी गुंतागुंत पैशांची आहे. सिनेमाचं तिकीट काढताना निवडलेली खुर्ची काही मिनिटं तुमच्यासाठी अडवून ठेवतात. रेल्वेत तसं होत नाही. पैसे पोचल्यावरच बर्थ ठरतो, म्हणून ‘उपलब्ध’ पाहून पैसे भरलेल्याच्या हाती प्रतीक्षा यादी येऊ शकते. चिडायला होतं, पण मला ही पद्धत योग्य वाटते. गणपतीच्या गाडीत जागा नुसत्या अडवायला मुभा दिली, तर पहिल्या मिनिटात सगळी गाडी न भरलेल्या पैशांवर अडकून पडेल.

त्यात बँकेची वही वेगळी, रेल्वेची वेगळी. बँकेनं रक्कम वजा केली आणि तो निरोप वाटेत हरवला, तर दोन वह्यांत दोन वेगळी सत्यं उरतात. व्यवहार पूर्ण तरी व्हावा, नाहीतर झालाच नाही असं तरी मानावं, हे तत्त्व पक्कं करण्यात अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांचा मोठा वाटा. त्यांना 1998 सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. एका डेटाबेसमध्ये हे जमतं. दोन संस्थांमध्ये मात्र मागाहून दोन्हीकडच्या नोंदी ताडून पाहाव्या लागतात आणि अडकलेले पैसे परत जातात. म्हणून पैसे कापले गेले आणि तिकीट दिसलं नाही, तर घाईनं पुन्हा भरू नयेत. आधी आपल्या बुकिंगची यादी उघडावी. रेंज गेली असेल तरी तिकीट तिकडे निघालेलं असू शकतं.

मोबाइलची मला सर्वांत आवडलेली कामगिरी प्रवासी गाडीत बसल्यानंतरची आहे. पूर्वी टीसीच्या हातात छापील चार्ट असे. पनवेलला चढणारा आलाच नाही, तर ती रिकामी जागा त्याच डब्यात अडकून राही आणि पुढच्या स्टेशनला काही कळत नसे. आता अनेक गाड्यांत टीसीच्या हातात छोटं यंत्र असतं. त्यानं गैरहजेरी नोंदवली की ती जागा वहीत मोकळी होते, आणि आरएसीच्या, म्हणजे दोघांत वाटून दिलेल्या, अर्ध्या बाकावर अवघडून बसलेल्या माणसाला पाय पसरायला बर्थ मिळतो.