स्लॅब पडला की सुख आलं?

गोंदिया जिल्ह्यातल्या आमगाव-सालेकसाकडच्या गावांत कवेलू उतरवून स्लॅब टाकला की त्या घराचं भलं झालं, असं सगळेच धरून चालतात. समाधान वाटतं हे खरं, पण ते मालकीमुळे वाटतं की घर सुधारल्यामुळे?

मेक्सिकोतल्या तोरेओन शहरात सरकारनं गरिबांच्या घरातली मातीची जमीन सिमेंटची करून दिली. भिंती त्याच, छप्पर तेच, मालकीही तीच. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुलांचे जंत, जुलाब आणि अ‍ॅनिमिया कमी झालेले दिसले. आयांचा ताण आणि नैराश्यही उतरलं होतं. म्हणजे नुसती फरशी बदलूनही सुख वाढू शकतं.

पण ते टिकतं का? एल साल्वादोर, उरुग्वे आणि मेक्सिकोत झोपड्यांच्या जागी साधी लाकडी घरं मिळालेली कुटुंबं सुरुवातीला खूप खूश होती. पुढच्या साधारण आठ महिन्यांत वाढलेल्या समाधानापैकी ६० टक्के ओसरलं. माणूस घराला सरावतो.

'सरकार घर बांधून देतं' हा समज मात्र महागात पडतो. सरकार देतं ते अनुदान, तेही काम पुढे सरकेल तसं हप्त्यांनी. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) मैदानी भागात १ लाख २० हजार रुपये ठरले. गोंदियाला नक्षलग्रस्त यादीमुळे १ लाख ३० हजार. शौचालयाचे १२ हजार आणि रोजगार हमीची मजुरी वेगळी. किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे जेमतेम २७० चौरस फूट. तेवढ्यावर थांबतो कोण? पायथा मोठा घेतला जातो, रेतीचा भाव वाढतो आणि उरलेलं काम बचत गटाच्या नाहीतर सावकाराच्या पैशांवर चढतं. मग नव्या घरात झोप लागत नाही, आणि त्याचा दोष उकाड्यावर जातो. तोही अगदी खोटा नाही: दिवसभर तापलेला स्लॅब मे महिन्यात रात्री उष्णता ओकतो. कवेलूचं घर त्या मानानं थंड असायचं.

राहिला कागद. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नाव म्हणजे मालकी, असं बरेच जण मानतात. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. गावठाणातल्या जागांच्या मिळकत पत्रिकेसाठी २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी सुरू झाली.

आणि घर पुरुषाच्याच नावावर व्हावं लागतं, असंही नाही. विधुर, अविवाहित किंवा विभक्त असे अपवाद सोडले, तर घरकुल पत्नीच्या किंवा दोघांच्या नावे मंजूर करायचा नियमच आहे. मंजुरीच्या कागदावर नाव कोणाचं लागलंय, हे पहिला हप्ता येण्याआधी पाहून घ्यावं.