वाकड्या चौकोनांचे टेबल

सुताराकडे उरलेले लाकडाचे लहान तुकडे बहुधा चुलीत जातात. ते जोडून टेबलाची फळी करता येईल का? चौरस तुकडे असतील तर येईल, हे कुणीही सांगेल. पण एकही कोन काटकोन नाही, चारही बाजू निरनिराळ्या, असा वाकडा चौकोन घेतला आणि त्याच मापाचे पुष्कळ तुकडे कापले, तर? वर्गात विचारून पाहा. बहुतेक मुले म्हणतील, "फटी राहतील."

फटी राहत नाहीत. जुन्या लग्नपत्रिकांमधून असे वीस एकसारखे चौकोन कापून मुलांना द्या. एकावर एक असे दोन तुकडे तंतोतंत ठेवा, एका बाजूच्या मध्यबिंदूवर टाचणी टोचा आणि वरचा तुकडा अर्धा फेरा फिरवा. त्या बाजूची टोके एकमेकांच्या जागी जातात, म्हणून बाजू बाजूला बरोबर भिडते. सगळ्या बाजूंना असे करीत गेले की प्रत्येक कोपऱ्यात चौकोनाचे चारही कोन एकेकदा येतात. त्यांची बेरीज ३६० अंश, म्हणजे एक पूर्ण फेरा. एक कोपरा आत दबलेला असला तरी हेच घडते.

पंचकोनांचे असे नाही. फटी न ठेवता बसणारे बहिर्वक्र पंचकोन १५ प्रकारचेच आहेत. त्यांतले चार अमेरिकेतल्या मार्जोरी राइस या गृहिणीने १९७० च्या दशकात शोधले. तिचे गणिताचे शिक्षण शाळेपुरतेच होते.

आता तुकडे एकमेकांत अडकवू. बाजूच्या अर्ध्या भागावर बारीक मानेचा एक गोळा बाहेर काढा आणि मध्यबिंदूभोवती अर्धा फेरा फिरवून उरलेल्या अर्ध्यावर तशीच खाच पाडा. शेजारच्या तुकड्याचा गोळा या खाचेत बसतो. ज्या बाजूला लाकडाचे तंतू आडवे तुटलेले असतात तिथे सरस नीट धरत नाही. गोळे त्याच बाजूंना द्यावेत. तिथे गोळा तंतूंच्या दिशेने बाहेर येतो. तंतूंना आडवा काढलेला गोळा मानेशी मोडतो.

पण खरी गंमत पावसाळ्यात कळते. दमट हवेत लाकूड फुगते ते तंतूंना आडव्या दिशेत. लांबीच्या दिशेत जवळजवळ नाहीच. साठ सेंटिमीटर रुंदीच्या सागवानी फळीत ऋतूंनुसार तीन-चार मिलिमीटरचा फरक सहज पडतो. आपले तुकडे मात्र अर्धा फेराच फिरलेले असल्यामुळे सगळ्यांचे तंतू समांतरच राहतात. एकाच फळीतून कापले असतील तर सगळे एकाच दिशेने, सारख्या प्रमाणात फुगतात. प्रत्येक चौकोनाचा आकार किंचित बदलतो, पण सर्वांचा सारखाच. चार कोनांची बेरीजही तीच राहते. म्हणून सांधे उघडत नाहीत. फक्त भोवतालच्या चौकटीत, तंतूंना आडव्या दिशेला फट ठेवावी आणि त्या दिशेला फळी खिळ्यांनी जखडू नये.

तीन समभुज चौकोन जोडून घनाचा भास देणारा नमुना लोकप्रिय आहे. त्यात तुकडे १२० अंशांनी फिरवतात. तंतू तीन दिशांना जातात आणि जाड लाकडात तुकडे एकमेकांना रेटू लागतात. म्हणून हा नमुना लाकडाच्या पातळ पापुद्र्यांत करून प्लायवुडवर चिकटवतात. प्लायवुडचे थर एकमेकांना आडवे असल्याने ते फारसे हलत नाही आणि पापुद्र्यांचा जोर त्याच्यापुढे चालत नाही.