कालवा सल्लागार समिती

पाटबंधारे प्रकल्पात साठलेल्या पाण्याचे हंगामवार वाटप ठरविताना पाणी वापरणाऱ्या समाजाचा विचार कालवा अधिकाऱ्यास कळावा, या हेतूने शासनाने नेमलेली समिती. नावाप्रमाणे ही सल्ला देणारी संस्था होय. पाणी सोडण्याचा, बंद करण्याचा वा एखाद्या पिकास नाकारण्याचा आदेश हा कालवा अधिकाऱ्याचा असतो. समितीच्या ठरावास स्वतंत्रपणे आदेशाचे बळ नसते. तथापि महाराष्ट्रातील मोठ्या प्रकल्पांच्या बैठकांना पालकमंत्री किंवा अन्य मंत्री अध्यक्षस्थानी असतात, आमदार-खासदार सदस्य असतात आणि ज्याने आदेश काढावयाचा तो अभियंता त्यांच्यासमोर माहिती घेऊन बसलेला असतो. अशा स्थितीत ‘सल्ला’ हा शब्द कितपत शब्दशः घ्यावयाचा, हाच या समितीसंबंधीचा मुख्य प्रश्न आहे. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या तालुक्यांत तो विशेष स्पष्टपणे दिसतो.

हे दोन्ही तालुके मुख्यतः नीरा डाव्या कालव्यावर अवलंबून आहेत. १८७६–७८ च्या दुष्काळात या कालव्याचे काम हाती घेण्यात आले व १८८५ च्या सुमारास तो सुरू झाला. वीर येथून निघणारा हा सुमारे दीडशे किमी. लांबीचा कालवा पुरंदर तालुक्यातून बारामतीत व तेथून इंदापुरात उतरतो. त्याला भाटघर, नीरा-देवघर, वीर व गुंजवणी या धरणांच्या पाण्याचा आधार आहे. इंदापूर तालुक्यातील शेटफळ हवेली येथील तलावही याच कालव्याच्या पाण्याने भरतो. इंदापूरचा काही भाग पुण्याकडून येणाऱ्या खडकवासला कालव्याच्याही शेवटच्या टोकाला आहे. म्हणजे दोन कालव्यांच्या शेपटाला असलेला हा तालुका आहे. कालव्याच्या भाषेत शेपूट म्हणजे जेथे पाणी सर्वांत शेवटी, सर्वांत कमी आणि बहुधा रात्री पोहोचते ती जागा.

कालव्यावरील समाज एकजिनसी कधीच नव्हता. कालवा आला तेव्हा भोवतालचा शेतकरी ज्वारी-बाजरीचा होता. बारमाही पाण्यावरील बागायत त्याच्या परिचयाची नव्हती. ती विद्या बाहेरून आली. सासवड भागातील माळी कुटुंबे नीरा कालव्यावर येऊन राहिली, त्यांनी खंडाने जमिनी घेतल्या व ऊस आणि गूळ यांत नाव मिळविले. त्यांपैकी काही पुढे गोदावरीच्या कालव्यांवर गेली, तर काहींनी १९३०–४० या दशकात नीरा उजव्या कालव्यावर माळीनगर (ता. माळशिरस, जि. सोलापूर) येथे स्वतःचा साखर कारखाना उभा केला. याच सुमारास इंदापूर तालुक्यात वालचंदनगरची खाजगी वसाहत व साखर कारखाना वाढीस लागला. स्वातंत्र्योत्तर काळात माळेगाव व सोमेश्वर (ता. बारामती) आणि भवानीनगर येथील छत्रपती (ता. इंदापूर) हे सहकारी कारखाने निघाले. मूळचा गावकरी, स्थलांतर करून आलेला बागायतदार, खंडकरी, कारखाना आणि नंतर वाढलेली शहरे व औद्योगिक वसाहती, या सर्वांचा पाण्यावरील दावा वेगवेगळ्या तऱ्हेचा आहे. सल्लागार समितीची कल्पना या अनेकतेतूनच अर्थपूर्ण ठरते. एकाच जातीचा व एकाच पिकाचा गाव असता, तर गावकीत बसून भागले असते. धुळे-नाशिक भागातील फड पद्धतीत पाणी घेणारे शेतकरी आपसांतच पाण्याची व्यवस्था पाहत आले. तेथे सल्ला देणारा व निर्णय घेणारा असे दोन पक्षच नव्हते.

समितीचे काम पाण्याच्या वर्षाशी बांधलेले असते. सिंचनाचे वर्ष १ जुलै ते ३० जून असे धरतात. पावसाळा संपताना, १५ ऑक्टोबरच्या सुमारास, धरणांतील साठा मोजला जातो. त्यातून पिण्याचे पाणी, उद्योगांचे आरक्षण, बाष्पीभवन व वहनातील घट वजा करून उरलेले पाणी रब्बी व उन्हाळी हंगामांत वाटावयाचे असते. किती आवर्तने द्यावयाची, प्रत्येक आवर्तन किती दिवसांचे, त्यांत अंतर किती आणि भरणे शेपटाकडून मुखाकडे करावयाचे की उलट, यांवर समिती मत देते. त्यानंतर अधिकारी जाहीर प्रकटन काढून नमुना नं. ७ वर पाणीअर्ज मागवितात आणि शेजपाळीचे वेळापत्रक तयार करतात. कागदावर ही रीत निर्दोष आहे.

तिच्यात एक खोट मात्र मुळातच आहे. या भागात आडसाली ऊस मोठ्या प्रमाणावर होतो. त्याची लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते, तो सोळा ते अठरा महिने रानात उभा राहतो आणि मधला उन्हाळा पाण्यावाचून त्याला काढता येत नाही. समिती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरते तेव्हा हा ऊस गुडघ्याएवढा झालेला असतो. उभे पीक वाळू द्या, असा सल्ला कोणीही लोकप्रतिनिधी देणार नाही. त्यामुळे पाण्यावरून पीक ठरण्याऐवजी पिकावरून पाणी ठरते. विसाव्या शतकाच्या आरंभी मो. विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यावर ‘ब्लॉक पद्धती’ आणली, तिचा रोख नेमका याच्या उलट होता: ठरावीक क्षेत्रास ठरावीक मुदतीसाठी पाणी मंजूर करावयाचे, त्यातील मर्यादित भागातच ऊस घेऊ द्यावयाचा आणि पाणी अधिक गावांत पसरावयाचे. तीत सल्लामसलत कमी होती. परंतु शेतकऱ्यास लागणीपूर्वीच आपला हिस्सा कळत असे. एप्रिल-मेमधील एक आवर्तन चुकले, तर मुखाकडील बागायतदाराला विहिरीचा आधार असतो. शेपटाकडच्या विहिरींचा पाझरही त्याच कालव्यावर अवलंबून असल्याने तेथे ऊस, चारा व पिण्याचे पाणी ही एकाच वेळी जातात.  समितीचे अनेक सदस्य पदाने किंवा मतदारसंघाने येतात. 

समितीची दुसरी मर्यादा तिच्या कक्षेची. आवर्तने कशी द्यावी, हे ती सांगू शकते. कालव्याचा मूळ हिस्सा किती, हे तिच्या हातात नसते. नीरा-देवघरच्या पाण्याच्या प्रश्नावरून हे उघड झाले. डाव्या कालव्याला मिळणारे जादा पाणी २०१९ मध्ये शासनाने बंद केले, तेव्हा त्याचा फटका बारामती व इंदापूरला बसला आणि उजव्या कालव्यावरील फलटण, माळशिरस आदी तालुक्यांनी निर्णयाचे स्वागत केले. २०२० मध्ये नव्या मंत्रिमंडळाने डाव्या कालव्यास ५५ व उजव्यास ४५ टक्के असे प्रमाण ठरविले. दोन्ही निर्णय शासनस्तरावर झाले. त्यांच्या परिणामांची वाटणी तेवढी समितीकडे आली. खडकवासल्याबाबतही असेच घडते. पुणे शहराचे पिण्याचे पाणी अग्रक्रमाने बाजूला काढल्यावर जे उरते, त्यावरच दौंड व इंदापूरच्या आवर्तनांची चर्चा होते. शहराची गरज जसजशी वाढते, तसतसा त्या चर्चेचा अवकाश आखूड होतो.

समितीच्या शिफारशींना लेखी उत्तर देण्याचे बंधन अधिकाऱ्यावर असावे आणि ठरलेल्या व प्रत्यक्ष सोडलेल्या पाण्याचा ताळेबंद पुढील बैठकीत मांडला जावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सध्या बैठकीनंतर वृत्तपत्रांत येणारी आवर्तनांची घोषणा हाच पुष्कळदा शेतकऱ्यापर्यंत पोहोचणारा वृत्तांत असतो. २००५ च्या सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियमाने पाणी वापर संस्थांना घनमापनाने पाणी देण्याची तरतूद केली आणि लघुवितरिकेपासून प्रकल्पापर्यंत त्यांची उतरंड कल्पिली. या संस्था जेथे खरोखरच चालतात, तेथे सल्ल्याची जागा कराराने घेतली जाते, कारण आपल्या वाट्याला किती घनमीटर पाणी आले हे संस्थेला मोजून विचारता येते. नीरेसारख्या जुन्या कालव्यावर, जेथे पाण्याची आकारणी पिढ्यान्‌पिढ्या एकरावर झाली, तेथे मोजमापाची साधने बसविणे व ती चालू ठेवणे, हेच अवघड काम ठरले आहे.