अळणी रस्सा

अळणी रस्सा : (आळणी). मटण हळद, मीठ व आले-लसणाच्या वाटणासह पाण्यात मंद आचेवर शिजवून मिळणारा, तिखट व मसाले न घातलेला पातळ रस. ‘अळणी’ हा शब्द संस्कृत ‘अलवण’ या शब्दावरून आला असून त्याचा मूळ अर्थ बिनमिठाचा असा आहे. प्रत्यक्षात या रश्श्यात मीठ असते. नसते ते तिखट. पश्चिम महाराष्ट्रात तो सर्वत्र करतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः पुणे जिल्ह्याच्या बारामती व इंदापूर तालुक्यांतील घरगुती पद्धत दिली आहे.

नीरा डाव्या कालव्याखालचा पट्टा उसाचा झाला, तरी या तालुक्यांच्या जिरायत भागात रब्बी ज्वारी आणि मेंढपाळी यांचे महत्त्व टिकून आहे. येथील धनगर मेंढपाळांपैकी अनेक जण पावसाळ्यानंतर कळप घेऊन कोकणाच्या दिशेने जातात व पुढील पावसाळ्यापूर्वी परततात. मेंढी हे त्यांचे भांडवल असल्याने कळपातील जनावर सहजासहजी कापले जात नाही. गावांतही मटण हे पूर्वी रोजचे अन्न नव्हते. जत्रा, आखाड किंवा पाहुण्यांचे येणे अशा निमित्तानेच ते शिजे. थोड्या मटणात मोठे कुटुंब जेवायचे असल्याने रश्श्याला महत्त्व आले. एकाच पातेल्यातून लहान मुले, वृद्ध, आजारी व बाळंतीण यांच्यासाठी अळणी आधी काढून घेतात आणि उरलेल्या मटणास भाजलेले सुके खोबरे, कांदा व घरचा काळा मसाला लावून तिखट कालवण करतात. अळणी हा अशा रीतीने स्वतंत्र पदार्थही आहे आणि पुढील कालवणाचा पायाही. कोल्हापूरकडील पांढरा रस्साही याच अळणीत नारळाचे दूध मिसळून करतात.

कृती : सु. १ किग्रॅ. मटण हाडांसह घ्यावे. त्यात नळी, सीना व मानेचे तुकडे असावेत; नुसत्या मऊ मांसाचा रस्सा पाणचट होतो. मटण धुऊन त्यास अर्धा चमचा हळद, दोन चमचे मीठ आणि आले, लसूण व कोथिंबीर यांचे वाटण चोळून अर्धा तास ठेवावे. पातेल्यात थोड्या तेलावर दोन चिरलेले कांदे मऊ होईपर्यंत परतून त्यात मटण घालावे. लगेच पाणी ओतू नये. पातेल्यावर खोलगट ताट ठेवून त्यात पाणी भरावे. मटण अंगच्या पाण्यात शिजू लागते, ताटाखाली वाफ थंड होऊन परत आत पडते आणि ताटातील पाणीही तापते. हेच कढत पाणी थोडे थोडे करून एकूण दीड ते दोन लिटर घालावे. थंड पाणी ओतल्यास शिजणे थांबते. वर येणारा फेस काढून टाकावा. रस्सा खळखळून न उकळता मंद शिजवावा, म्हणजे तो नितळ राहतो. कोवळ्या बोकडाचे मटण दीड तासाच्या आसपास शिजते. जून जनावरास बराच अधिक वेळ लागतो. दाबपात्रात (कुकरमध्ये) तापमान सु. १२०° से. पर्यंत चढत असल्याने हे काम १५–२० मिनिटांत होते, पण रस्सा किंचित गढूळ येतो. मेंढीची चरबी बोकडाच्या चरबीप्रमाणेच लवकर थिजते व ओठांना चिकटते. म्हणून अळणी कढतच पितात. सोबत ज्वारीची वा बाजरीची भाकरी, कांदा व लिंबू असते.

रश्श्यास येणारा दाटपणा पिठामुळे नव्हे, तर सांधे, कातडी व स्नायुबंध यांतील कोलॅजेन या प्रथिनाचे दीर्घकाळ उष्णता लागून जेलॅटिनात रूपांतर झाल्यामुळे येतो. चांगली अळणी थंड झाल्यावर म्हणूनच थलथलीत होते.

मेंढपाळीवर जगणाऱ्या अन्य प्रदेशांतही असे रस्से आढळतात. आइसलँडमधील ‘क्योत्सूपा’ हे याचे चांगले उदाहरण होय. तेथे उन्हाळाभर डोंगराळ कुरणांत मोकळ्या सोडलेल्या मेंढ्या सप्टेंबरात गोळा करतात आणि त्यानंतर ताज्या कोकराच्या मांसाचा हा पदार्थ विशेष होतो. हाडांसह मांस शिजत आले की त्यात रूटाबागा नावाचा कंद, गाजर, बटाटा, कांदा व वाळलेल्या पालेभाज्या घालतात; काही घरांत मूठभर तांदूळ किंवा ओटही टाकतात. बटाटा तेथे अठराव्या शतकात पोचला. आपल्याकडे अळणीच्या पातेल्यात भाजी सहसा पडत नाही, फार तर बटाटा. घरी क्योत्सूपा करून पाहावयाचा असल्यास रूटाबागाऐवजी सलगम किंवा नवलकोल चालतो. मात्र भाज्या शेवटच्या अर्ध्या तासातच घालाव्यात. मटणाबरोबर आरंभी टाकल्यास त्यांचा लगदा होतो.

अळणीने रक्त वाढते व हाडे भरतात, असा दृढ समज आहे. तो जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. हाडांतील कॅल्शियम उकळत्या पाण्यात फारच थोडे उतरते, तर लोह प्रामुख्याने मांसात व यकृतात असते. जेलॅटीन हे ट्रिप्टोफॅन नसलेले अपूर्ण प्रथिन आहे. बाळंतिणीस रस्सा देऊन मटणाचे तुकडे इतरांस वाढण्याची प्रथा त्यामुळे तिच्या हिताची नाही. तिला रश्श्याबरोबर मऊ शिजलेले मांसही मिळाले पाहिजे. भूक मंदावलेल्या रुग्णास कढत, सौम्य व खारट रस पिववतो, हा त्याचा खरा उपयोग. रक्तदाबाच्या व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मिठाचे प्रमाण वैद्यकीय सल्ल्यानेच ठरवावे. एक वर्षाखालील बालकासाठी काढावयाचा भाग मात्र शब्दशः अळणी, म्हणजे मीठ घालण्यापूर्वी वेगळा शिजवलेला असावा.

उरलेला रस्सा पातेल्यातच रात्रभर झाकून ठेवणे धोक्याचे असते. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जंतूची बीजुके उकळूनही मरत नाहीत आणि रस्सा कोमट असताना झपाट्याने वाढतात. रस्सा उथळ भांड्यांत ओतून लवकर गार करावा, दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावा आणि पुन्हा वाढण्यापूर्वी चांगला उकळून घ्यावा. शीतकपाट नसल्यास तो त्याच जेवणात संपवावा.