फादर सेर्रा यांची पायवाट

निकडीवांचून घोड्यावर बसूं नये, असा संत फ्रान्सिस यांनीं आपल्या पंथांतील भिक्षूंना नियम घालून दिला होता. त्या पंथाचे फादर हुनिपेरो सेर्रा १७१३ सालीं स्पेनच्या मायोर्का बेटावर जन्मले. तेथें तत्त्वज्ञानाचे अध्यापक म्हणून त्यांनीं नांव मिळविलें. परंतु धर्मप्रसारासाठीं तें सारें सोडून ते मेक्सिकोस गेले.

१७४९ च्या डिसेंबरांत व्हेराक्रूझ बंदरीं उतरल्यावर, स्वारीची सोय असतांही, राजधानीपर्यंतचे सुमारें २५० मैल ते पायीं चालले. वाटेंत कीटकदंशानें पाय सुजला. ती व्यथा जन्मभर राहिली. १७६९ सालीं कॅलिफोर्नियाच्या वाटेवर उभेंही राहवेना, तेव्हां त्यांनीं खेचरें हांकणाऱ्यास औषध विचारलें. आपणांस जनावरांचेंच औषध ठाऊक आहे, असें तो म्हणाला. "मग मलाही जनावर समज," असें सेर्रा यांनीं सांगितलें. चरबींत शिजविलेल्या वनस्पतींच्या लेपानें उतार पडला, अशी हकीकत त्यांचे शिष्य पालोऊ यांनीं लिहिलेल्या चरित्रांत आहे.

१७८४ सालीं मृत्यु येण्यापूर्वीं त्यांनीं कॅलिफोर्नियांत नऊ धर्मकेंद्रें स्थापिलीं. सैनिकांच्या जुलमाविरुद्ध दाद मागण्यास ते १७७३ सालीं पुन्हां मेक्सिकोच्या राजधानींत गेले. तथापि बाप्तिस्मा घेतलेल्या मूळ रहिवाशांस केंद्र सोडण्याची मोकळीक नव्हती. पळालेल्यांस धरून आणून फटके देत. नव्या रोगांनीं असंख्य लोक दगावले. २०१५ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं सेर्रा यांस संतपद दिलें. २०२० सालीं कॅलिफोर्नियांतच त्यांचे पुतळे पाडले गेले. स्वतःचा देह झिजविणाऱ्याचा त्याग खरा असतो. परंतु दुसऱ्याच्या देहावर त्यामुळें अधिकार प्राप्त होत नाहीं.