डोळ्यातला तीळ: सेल्फीत दिसणार नाही, पण फोन कामाला येईल

गेल्या वर्षी राजूरहून मामेभावाचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. चष्म्याचा नंबर काढायला जालन्याला गेला होता. डॉक्टरांनी थेंब टाकून डोळा तपासला आणि कागदावर लिहिलं: 'कोरॉइडल नेव्हस, उजवा डोळा. सहा महिन्यांनी दाखवा.' पठ्ठ्याने लगेच सर्च केलं, 'कॅन्सर' शब्द वाचला आणि रात्रभर जागला. मग फोनचा टॉर्च लावून डोळ्याचे वीसेक फोटो काढले. एकातही काही दिसेना, म्हणून आणखी घाबरला.

हा तीळ असतो कुठे?

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला रेटिना, म्हणजे पडदा असतो. त्याच्यामागे रक्तवाहिन्यांचा थर असतो, तो कोरॉइड. तिथल्या रंगद्रव्याच्या पेशी एका जागी जमल्या की तीळ तयार होतो, अंगावर असतो तसाच. बहुतेकांना त्याचा काहीच त्रास नसतो. गोऱ्या लोकांत हे तीळ जास्त आढळतात, आशियाई लोकांत कमी. अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांबद्दल २००५ मध्ये काढलेला अंदाज सांगतो की, वर्षाला साधारण ८,८४५ तिळांपैकी एकाचा कॅन्सर होतो. म्हणजे धोका खूप कमी, पण शून्य नाही. म्हणूनच लक्ष ठेवायचं.

सेल्फीत का दिसत नाही?

बाहुलीच्या छोट्या छिद्रातून उजेड आत पाठवून त्याच छिद्रातून फोटो काढावा लागतो. त्यासाठी फंडस कॅमेरा असतो. बंगळुरूच्या रेमिडिओ कंपनीने स्मार्टफोनला खास लेन्स जोडून असा कॅमेरा बनवला आहे. त्यावर इंटरनेटशिवाय चालणाऱ्या एआयची चाचणी मुंबईत झाली, ती २०१९ मध्ये प्रसिद्धही झाली. पण ते एआय डायबेटिसमुळे पडद्यावर होणारे बदल ओळखण्यासाठी होतं, तीळ तपासण्यासाठी नाही. नुसत्या फोनचा टॉर्च डोळ्यात मारून काहीच कळणार नाही, उगाच डोळे दिपतील.

मग लक्ष कसं ठेवतात?

तुलना करून. तीळ २ मिलिमीटरपेक्षा जाड झाला का, ५ मिलिमीटरपेक्षा रुंद आहे का, त्यावर नारिंगी डाग किंवा आजूबाजूला पाणी आहे का, हे डॉक्टर फंडस फोटो, ओसीटी आणि सोनोग्राफीवर बघतात. पण तीळ वाढतोय की तेवढाच आहे, हे एका फोटोवरून ठरत नाही. कोडमध्ये काय बदललं ते बघायला जुनी व्हर्जन लागते, तसंच हे.

फोनचं काम इथे आहे

१. फंडस फोटो आणि ओसीटीची मूळ फाइल मागून घ्या. कागदावरच्या प्रिंटचा फोटो पुरत नाही.

२. व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. साधा फोटो म्हणून आला तर तो कॉम्प्रेस होतो आणि बारकावे जातात.

३. फाइलच्या नावात तारीख आणि उजवा की डावा डोळा ते लिहा. एक कॉपी ड्राइव्हवर ठेवा.

४. पुढच्या तपासणीचा रिमाइंडर लावा. सुरुवातीला काही महिन्यांनी, मग बहुतेक वेळा वर्षातून एकदा बोलावतात. तुमची तारीख डॉक्टरच ठरवतील.

डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखं वाटलं, अचानक काळे ठिपके तरंगायला लागले, सरळ रेषा वाकड्या दिसल्या किंवा नजर धूसर झाली, तर रिमाइंडरची वाट बघू नका. लगेच रेटिनाच्या डॉक्टरांना दाखवा.

मामेभाऊ मध्यंतरी नोकरीसाठी छत्रपती संभाजीनगरला गेला. सहा महिन्यांनी तिथल्या नव्या डॉक्टरांकडे जुना फोटो नव्हता, त्याच्या फोनमध्ये मात्र होता. दोन्ही फोटो शेजारी ठेवले: तीळ तेवढाच. "आता वर्षाने ये," डॉक्टर म्हणाले. थेंबांमुळे काही तास धूसर दिसतं, म्हणून बाईक त्याने घरीच ठेवली होती. रिक्षात बसल्या बसल्या पहिलं काम केलं: नवा फोटो त्याच फोल्डरमध्ये टाकला.